रिपोर्ट आला, पण दिवस मोजले का?



कुटुंबनियोजनाच्या पत्रकात एच.आय.व्ही.चे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. तांबी बसवली, गोळ्या चालू आहेत, दोन मुलांवर ऑपरेशन झाले, म्हणजे पाळण्याची काळजी मिटली. पण यांतली एकही गोष्ट एच.आय.व्ही.ला अडवत नाही. नसबंदी झालेल्या नवऱ्याकडून बायकोला लागण होऊ शकते, तांबी असलेल्या बायकोलाही होऊ शकते. पाळणाही लांबवील आणि रोगही अडवील असे साधन एकच, ते म्हणजे निरोध. म्हणून हा विषय नवराबायकोचा आहे, आणि दोघांनी मिळून वाचण्याचा आहे. नवऱ्याने वाचून खिशात घालू नये आणि बायकोनेही फळीवर ठेवून देऊ नये.

हे पत्रक रोग कसा होतो एवढेच सांगण्यासाठी नाही. ते आता बहुतेकांना ठाऊक असते. आम्हांला सांगायचे आहे ते त्यापुढचे. एखादी गोष्ट घडून गेली, मनात शंका शिरली, तपासणी केली, रिपोर्ट हातात आला. तो खरा मानायचा की नाही? आणि खरे कळेपर्यंतचे दिवस काढायचे कसे?

महाळुंग्याचेच उदाहरण घेऊ. चाकण-तळेगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना एके काळी बाजरी, कांदा आणि बटाटा होता. आता तिथे कारखान्यांच्या शेडा आहेत. खराबवाडी, निघोजे, नाणेकरवाडी, सावरदरी, सगळीकडे तेच. कुणाची जमीन गेली, कुणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, कुणी मराठवाड्यातून आणि विदर्भातून येऊन त्या खोल्यांत राहिले. कुणाची बायको इथे आहे, कुणाची गावाकडे. मालगाड्या रात्रभर उभ्या असतात. पगार होतो, सुट्टी लागते, दोस्त बोलावतात.

समजा असाच एक गडी आहे. लग्नाचा, दोन लेकरांचा बाप. एका रात्री दोस्तांबरोबर गेला आणि निरोध न वापरता परक्या बाईशी संबंध आला. दुसऱ्या दिवशी काही वाटले नाही. चौथ्या दिवशी कंपनीच्या भिंतीवर एड्सचे पोस्टर पाहिले आणि पोटात गोळा आला. सहाव्या दिवशी कुणाला न सांगता एका खाजगी लॅबमध्ये रक्त देऊन आला. रिपोर्ट आला की दोष नाही. दोन दिवस बरे गेले. मग वाटले, लॅबवाल्याने चूक केली असेल. नवव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये गेला, विसाव्या दिवशी तिसऱ्या. तीन रिपोर्ट, तिन्ही चांगले. तरी जेवण जाईना. बायको विचारते, "अहो, ताट तसंच सारलंत, बरं नाही का?" तो म्हणतो, "काही नाही गं, डोकं दुखतंय." आणि पुन्हा आरशासमोर जाऊन जीभ बघतो, मानेच्या गाठी चाचपतो.

लॅबवाल्यांनी चूक केली नव्हती. तिन्ही रिपोर्ट त्यांच्या जागी बरोबर होते. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या तिन्हींत नव्हते, कारण उत्तर देण्याचा दिवस अजून उगवलाच नव्हता. आणि जी एक गोष्ट पहिल्या तीन दिवसांत करता आली असती, ती मात्र राहून गेली. ती गोष्ट आधी सांगतो.

पहिले बहात्तर तास

लागण होण्याची शक्यता असलेली घटना घडली, तर ७२ तासांच्या आत, म्हणजे तीन दिवस उलटण्यापूर्वी, सुरू करण्याचे औषध आहे. ते २८ दिवस घ्यावे लागते. विषाणू शरीरात ठाण मांडण्यापूर्वी त्याला हुसकावण्याचा हा प्रयत्न असतो. जितके लवकर सुरू होईल तितके चांगले, पहिल्या काही तासांतच झाले तर उत्तम. तीन दिवसांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. म्हणून रिपोर्टाची वाट पाहू नका, दोस्ताला विचारत बसू नका. सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना घडले ते नीट सांगा. औषध द्यायचे की नाही हे ते ठरवतील, कारण प्रत्येक घटनेला ते लागतेच असे नाही. पिंपरीचे वायसीएम रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून येथे एच.आय.व्ही.च्या औषधोपचाराची म्हणजे ए.आर.टी.ची केंद्रे आहेत.

घटना म्हणजे केवळ बाहेरचा संबंध नव्हे, हेही ध्यानात घ्या. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या ताईच्या बोटात वापरलेली सुई घुसते. एखाद्या बाईवर जबरदस्ती होते. तिने तर तासाचाही उशीर करू नये. तिथे औषधाबरोबर गर्भ राहू नये म्हणूनही उपाय करता येतो. हे सारे मोफत मिळते आणि ते मागण्यात लाज नाही.

रक्तात नेमके काय शोधतात?

आता तपासणीकडे वळू. रोगाचा जंतू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढण्यासाठी खास पदार्थ तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. गावोगावी होणाऱ्या साध्या तपासणीत, बोट टोचून वा शिरेतून रक्त घेऊन, ही प्रतिपिंडेच शोधली जातात. म्हणजे चोर शोधत नाहीत, चोराच्या मागावर निघालेले पोलीस शोधतात. आणि पोलीस निघायला वेळ लागतो.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. काल पेरले आणि आज रानात जाऊन "उगवलं नाही, बी मेलं" असे कुणी म्हणत नाही. बी जमिनीत असते, वर दिसत नाही एवढेच. लागण झाल्यापासून तपासणीत ती दिसू लागेपर्यंतच्या या दिवसांना डॉक्टर लोक विंडो पिरियड म्हणतात. आपण त्याला आंधळे दिवस म्हणू.

आंधळे दिवस किती, हे तपासणी कोणती त्यावर ठरते. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीत लागण सहसा २३ ते ९० दिवसांत दिसते. बहुतेकांची महिनाभरातच दिसते, पण काहींना वेळ लागतो आणि त्या थोड्यांसाठीच ९० दिवस धरतात. मोठ्या प्रयोगशाळेत शिरेतले रक्त घेऊन प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा एक तुकडाही शोधतात. तिला चौथ्या पिढीची तपासणी म्हणतात. ती १८ ते ४५ दिवसांत सांगते. खुद्द विषाणूच शोधणारी महागडी तपासणीही आहे. ती १० ते ३३ दिवसांत सांगू शकते, पण साध्या शंकेसाठी तिचा खर्च करण्याचे कारण नाही. पैसे जातात आणि शेवटची खात्री करायला पुन्हा साधी तपासणी करावीच लागते.

म्हणजे आपल्या त्या गड्याचा सहाव्या दिवसाचा रिपोर्ट काय सांगत होता? एवढेच की त्याला आधीपासूनची जुनी लागण नव्हती. ही माहितीही कामाची आहे. पण त्या रात्रीबद्दल तो कागद मुका होता.

यावरून वेळापत्रक सोपे होते. एक तपासणी लगेच करा, पूर्वीची स्थिती कळण्यासाठी. दुसरी साधारण दीड महिन्याने. ती चांगली आली तर मनावरचा बराच भार उतरवायला हरकत नाही. चौथ्या पिढीची असेल तर ४५ दिवसांनंतरचे उत्तर जवळजवळ पक्केच असते. शेवटची तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावर. मधल्या काळात नवी घटना घडली नसेल आणि तीन महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला, तर विषय संपला. सहा महिने, वर्षभर, दर महिन्याला तपासत राहण्याची गरज नाही. मात्र ते २८ दिवसांचे औषध घेतले असेल तर दिवसांचा हिशोब बदलतो. मग तपासणीच्या तारखा डॉक्टर सांगतील त्याच पाळायच्या.

कागदावर "रिअ‍ॅक्टिव्ह" आले तर?

इथे पुष्कळ लोक उगीच कोसळतात. पहिल्या तपासणीत दोष दिसला म्हणजे लागण झालीच, असे नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. गेजमध्ये पार्ट अडकला तर तो लगेच भंगारात टाकत नाहीत, दुसऱ्या गेजने पाहतात. तसेच रक्ताचे आहे. पहिली तपासणी मुद्दाम अशी निवडतात की खरा दोष तिच्यातून निसटू नये. जाळी बारीक असली की तिच्यात कधी चांगला दाणाही अडकतो.

हिशोब करून पाहा. समजा गावातल्या हजार माणसांची तपासणी केली आणि त्यांतल्या दोघांनाच खरी लागण आहे. तपासणी चांगली आहे, दोनशेत एखाद्याच निरोगी माणसाला चुकून दोषी ठरवते. तरी हजारांत पाच निरोगी माणसे चुकून सापडतील आणि खरे दोन. म्हणजे "रिअ‍ॅक्टिव्ह" आलेल्या सात जणांत पाच निरोगी! म्हणून सरकारी केंद्रात पहिल्या तपासणीत दोष दिसला की वेगळ्या बनावटीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या किटने तेच रक्त तपासतात. तिन्ही एकमुखाने बोलले तरच लागण आहे असे सांगतात. तिघांनी एकाच वेळी एकच चूक करणे फारच विरळ. कधी तीन तपासण्यांचे आपसात जुळत नाही. मग "नक्की सांगता येत नाही" असा शेरा मिळतो आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. त्या शेऱ्याचा अर्थ लागण झाली असा नाही.

म्हणून खाजगी लॅबच्या एकाच तपासणीच्या कागदावर विसंबून कुणी आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. आणि "दोष नाही" या कागदावरही, दिवस मोजल्याशिवाय, विसंबू नये.

दुसरा एक प्रश्न बायका विचारतात. आई बाधित असेल तर बाळाची तपासणी केव्हा करायची? आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उतरलेली असतात आणि ती दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे त्या वयात साधी तपासणी बाळाच्या बाबतीत फसवते. बाळाला लागण नसतानाही दोष दाखवते. म्हणून बाळाची सहाव्या आठवड्याला वेगळी, खुद्द विषाणू शोधणारी तपासणी करतात. काही उपाय केला नाही तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते. आईने वेळेवर औषध घेतले तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. गरोदरपणात नर्सताई एच.आय.व्ही.ची तपासणी सुचवतात ती यासाठी. आणि नवऱ्याच्या बाबतीत शंका असेल तर पहिला रिपोर्ट चांगला असूनही नर्सताईंना तसे सांगा. त्या पुन्हा तपासणी करवून घेतील.

आपल्या शेजारचीच गोष्ट

भारतात एच.आय.व्ही. पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. सहाच वर्षांनी, १९९२ मध्ये, आपल्या भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. महाळुंग्याहून पुण्याकडे निघालात आणि मोशी मागे पडली की भोसरी लागते, इतकी ती जवळ आहे. लोक तिला 'नारी' म्हणत. अलीकडे तिचे नाव बदलले आहे. एच.आय.व्ही.च्या तपासण्या बिनचूक व्हाव्यात म्हणून देशातल्या प्रयोगशाळांवर लक्ष ठेवण्याचे कामही या संस्थेने केले आहे. तेव्हा "आपल्याकडच्या तपासणीचा काय भरवसा" असे म्हणणाऱ्यांनी भोसरीचे नाव आठवावे.

याच संस्थेच्या डॉक्टरांनी, डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ बायका त्यात होत्या. बहुतेक लग्नाच्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंध आलेला नव्हता. तरी त्यांच्यात शंभरी तेरा-चौदा जणींना एच.आय.व्ही.ची लागण सापडली. १९९७ मध्ये हे जगापुढे आले. दवाखान्यात आलेल्या बायकांचा हा आकडा होता, सगळ्या गावाचा नव्हे. पण घरातल्या घरात, कुंकवाच्या धन्याकडून, हा रोग येतो हे पुण्याच्या डॉक्टरांनी आकड्यांनिशी दाखवले.

हे इथे सांगण्याचे कारण आंधळ्या दिवसांशी जोडलेले आहे. लागण झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत रक्तातला विषाणू अतोनात वाढलेला असतो. म्हणजे कागद "दोष नाही" म्हणतो त्याच दिवसांत माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका फार मोठा असतो. आपल्या गड्याने चांगला रिपोर्ट आला म्हणून सुटकेचा श्वास टाकला आणि घरी पूर्ववत वागू लागला, तर चूक तिथे होईल. तीन महिन्यांचा निकाल लागेपर्यंत बायकोशी संबंध ठेवायचा तर निरोध वापरूनच ठेवा, नाहीतर थांबा. मूल हवे असेल तर तेवढे दिवस थांबा. रक्तदान करू नका. "दवाखान्यात फुकट तपासणी होईल" म्हणून रक्त देणारे काही लोक असतात. त्यांनी तसे कधीही करू नये. ते रक्त कुणाच्या तरी लेकराला चढणार असते.

निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. प्रत्येक वेळी नवा घ्या, सुरुवातीपासून वापरा, तारीख उलटलेला वापरू नका आणि त्याला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. तेलाने तो फाटतो.

पण ऑपरेशन झालेल्या घरात एकदम निरोध निघाला तर बायको विचारणारच, "आता हे कशाला?" या प्रश्नालाच पुष्कळ गडी घाबरतात आणि म्हणून निरोध वापरतच नाहीत. लाज वाचवण्यासाठी बायकोचा जीव पणाला लावणे हे बरे नव्हे, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो. बोलायला शब्द सुचत नसतील तर केंद्रातल्या समुपदेशकाची मदत घ्या. त्यांचे ते रोजचे काम आहे. काहींना एवढेच म्हणणे जमते: "माझ्याकडून एक चूक झाली आहे. तुला त्रास होऊ नये म्हणून तीन महिने सांभाळायचं आहे. तपासणीला तूही चल." ऐकणाऱ्या बायकोला राग येईल, रडू येईल. ते सोसावे लागेल. आणि ताई, नवरा काही सांगत नाही पण तुमच्या मनात शंका आहे, तर तुम्ही स्वतः जाऊन तपासणी करून घेऊ शकता. त्याला नवऱ्याची परवानगी लागत नाही. रिपोर्ट तुमचा, तुमच्याच हाती मिळतो.

भीती किती बाळगावी?

घाबरलेल्या माणसाला वाटते की घटना घडली म्हणजे रोग झालाच. तसे नाही. समोरची व्यक्ती बाधित असेल, औषधावर नसेल आणि निरोध नसेल, असे सगळे धरले तरी अंदाज असा आहे: एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ४, स्त्रीला सुमारे ८. रुग्णाला वापरलेली सुई टोचली तर दहा हजारांत सुमारे २३. बाधित माणसाची सुई-सिरिंज नशा करताना वापरली तर सुमारे ६३. गुप्तरोगाची जखम असेल तर हे आकडे वाढतात. आणि एकाच वेळेत लागण झालेली माणसेही आहेत, म्हणून आकडा लहान आहे असे समजून कुणी धीट होऊ नये. पण रात्रभर जागणाऱ्याने हा आकडा जरूर वाचावा.

उलट, ज्यांच्यात धोकाच नाही अशा गोष्टींनीही माणसे झुरतात. एकाच ताटात जेवणे, डास चावणे, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणे, हात मिळवणे, सार्वजनिक संडास, यांतून एच.आय.व्ही. होत नाही. न्हाव्याकडे नवे पाते घाला म्हणावे आणि जत्रेत गोंदून घेताना नवी सुई मागावी. ते योग्यच आहे. पण वर्षापूर्वी केलेल्या दाढीवरून आज घाबरण्यात अर्थ नाही.

आता शरीरातल्या खुणांविषयी. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, गाठी असे होते. काहींना काहीच होत नाही. आणि हीच लक्षणे साध्या थंडीतापात, डेंग्यूत होतात. भीतीनेही धडधडते, जुलाब होतात, झोप उडते, रात्री घाम येतो, जेवण न गेल्याने वजन घटते. मग माणूस म्हणतो, "बघा, वजन घटलं!" लक्षणांवरून एच.आय.व्ही. आहे असे ओळखता येत नाही, नाही असेही ओळखता येत नाही. म्हणून जीभ बघणे सोडा. डॉक्टरसुद्धा जिभेवरून सांगू शकत नाहीत.

मग हे दिवस कसे काढायचे? पहिली गोष्ट, तपासणीची तारीख ठरवा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर बारीकशी खूण करा. खूण तुम्हांलाच कळेल अशी असू द्या. त्या तारखेपूर्वी दुसऱ्या लॅबमध्ये जायचे नाही. प्रत्येक जादा तपासणी दोन दिवसांचा दिलासा देते आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट शंका. हे दारूसारखेच आहे. खरी दारूही या दिवसांत टाळा. तिने झोप येत नाही, गुंगी येते, आणि पुन्हा तीच चूक होण्याची भीती वाढते. रात्री मोबाईलवर शोधत बसू नका. तिथे जगभरातल्या घाबरलेल्या माणसांचे लिहिणे वाचायला मिळते आणि आपले दुखणे त्यांच्या दुखण्यात जाऊन मिसळते. विचार येणारच. मग दिवसातली एक वेळ त्यांना देऊन टाका. संध्याकाळी पाळी सुटल्यावर अर्धा तास चालत जा आणि काय वाटते ते मनाशी बोला. इतर वेळी विचार आला की, "संध्याकाळी बघू." ऐकायला पोरकट वाटते, पण उपयोगी पडते. जेवण, काम, लेकरांचा अभ्यास यांची घडी मोडू देऊ नका. आणि एका तरी माणसाशी बोला, जो गावभर करणार नाही. तसे कुणी नसेल तर १०९७ हा एड्सविषयक सरकारी हेल्पलाईनचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावे लागत नाही.

जीव नकोसा वाटू लागला, काही करून घ्यावे असे मनात आले, तर ती गोष्ट लपवू नका. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर कोणत्याही वेळी फोन करता येतो. घरातल्या माणसानेही लक्ष ठेवावे. गप्प बसलेला, जेवण टाकलेला, उगीच सगळ्यांची निरवानिरव करणारा माणूस एकटा सोडू नये.

काहींचे तीन महिने होतात, शेवटचा रिपोर्ट चांगला येतो आणि तरी पटत नाही. "माझ्या रक्तात लपला असेल." इथे एच.आय.व्ही. संपला आणि भीतीचा आजार सुरू झाला असे समजावे. त्यालाही औषध आहे, त्यालाही डॉक्टर आहेत. कित्येकदा आतली सल वेगळीच असते. बायकोशी खोटे बोललो, ही ती सल असते. ती काढणारी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होत नाही. ती घरातच, चुलीपुढे बसून काढावी लागते.

आणि लागण निघालीच तर?

तरी घर बुडत नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी केंद्रात याची औषधे मोफत मिळतात. पूर्वी तब्येत बरीच ढासळल्यावर ती सुरू करत. २०१७ पासून लागण कळताच सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. नेमाने घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अशा जोडप्यांना निरोगी मुलेही होतात. गोळी मात्र चुकवायची नाही आणि "मुळासकट बरा करतो" म्हणणाऱ्या भोंदूच्या पुड्यांसाठी ती सोडायची नाही. एच.आय.व्ही. मुळासकट काढणारे औषध कुणा वैदूकडे नाही.

नोकरीची धास्तीही असते. एच.आय.व्ही. व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे तुमच्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही, नोकरी देण्यासाठी या तपासणीची अट घालता येत नाही आणि लागण आहे म्हणून अन्यायाने कामावरून काढता येत नाही. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यात यासाठी तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा असतो. ठेकेदाराकडच्या कामगारांनीही हे ध्यानात ठेवावे.

तपासणीला कसे जावे?

सरकारी रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते, लोक त्याला आय.सी.टी.सी. म्हणतात. आपल्याला जवळचे केंद्र कोणते हे चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात, आशाताईंकडे किंवा १०९७ वर विचारा. तपासणी मोफत आहे. उपाशी जावे लागत नाही. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग थोडे रक्त घेतात आणि रिपोर्ट देताना पुन्हा बसवून समजावतात. घडले ते खरे सांगा, तिथे कुणी न्यायाधीश बसलेला नाही. तुम्ही सांगितलेले गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. लघवीला जळजळ, जखम, पांढरे जाणे असे काही असेल तर तेही बोला. गुप्तरोगाची आणि काविळीची तपासणी त्याच फेरीत होऊ शकते.

शक्य असेल तर दोघे मिळून जा. आणि घटना कोणत्या तारखेला घडली ते चिठ्ठीवर लिहून न्या, कारण समुपदेशक पहिला प्रश्न तोच विचारतील.